उजवीकडची गाणी

ठकूताईला उजव्या कानाने काहीही ऐकू येत नसे, आणि तिच्या कामाच्या ठिकाणी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुद्दाम लपवलं होतं असंही नाही. लहानपणी गालगुंड झालं, ताप उतरला, सुजलेले गाल बसले, पण जाता जाता ते दुखणं एक कान बरोबर घेऊन गेलं. आईने थोडे दिवस डोळे पुसले. मग घरातल्या सगळ्यांनी तिच्या डाव्या बाजूने बोलायची सवय करून घेतली आणि विषय मिटला. शाळेत ती उजव्या भिंतीला चिकटून बसायची, रस्त्याने जाताना मैत्रिणीला डावीकडे घ्यायची, आणि कुणी उजवीकडून काही बोललंच तर हसून मान डोलवायची. एवढ्यावर तिचं सगळं निभावून गेलं होतं.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांची मापं यायची, त्यांत प्लास्टर ओतून पांढरेफटक जबडे तयार व्हायचे, मग त्यांच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवून ठकूताई तिच्यात एकेक दात बसवायची. जागा म्हणजे एक लांबट खोली, खिडक्यांखाली लांबच लांब टेबल, आणि टोकाला कवळ्या घासून गुळगुळीत करायचं चाक. ते चाक एकदा फिरायला लागलं की असं किंचाळायचं की बसवलेले दात सोडा, स्वतःचे दातही हलल्यासारखे वाटायचे.

कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात ती डोकं धरून घरी आली. तिचा थोरला भाऊ, दादा, लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि आतून आपला खिशात मावणारा टेपरेकॉर्डर आणि डोक्यावरून घालायचा हेडफोन आणून तिच्या हातात ठेवला.

"आत कॅसेट आहे तीही घे," तो म्हणाला. "दुकान बंद होत होतं, उरलासुरला माल टोपलीत टाकला होता. ही कुणी उचलत नव्हतं. मला दया आली."

कॅसेटचं नाव होतं 'उद्या नक्की'. वेष्टनावर तीन पोरं आणि एक पोरगी, भिंतीला टेकून उभी. पोरांचे केस वाऱ्याने तोंडावर आलेले, आणि पोरीचे डोळे फोटो निघतानाच नेमके मिटलेले. दुसरा फोटो काढायची ऐपत किंवा उत्साह नसावा, मिटलेल्या डोळ्यांचाच छापून टाकला होता.

"कसली गाणी आहेत?"

"पॉवर-पॉप म्हणतात याला."

"म्हणजे रे काय?"

दादाने डोकं खाजवलं. "म्हणजे गिटारी जोरात, चाल गोड, आणि चहा उकळेपर्यंत गाणं खलास. रडायचं असलं तरी उड्या मारत रडायचं. तू ऐक, कळेल."

ठकूताईला गाण्याबिण्याची फार ओढ नव्हती. चाकाचा आवाज बुडाला म्हणजे झालं, एवढ्याच अपेक्षेने तिने दुसऱ्या दिवशी हेडफोन घातला. पहिलं गाणं सुरू झालं, ढोल दणाणले, आणि तिच्या हातातला दात मेणात वाकडा गेला.

असं काही तिने आजवर ऐकलं नव्हतं. एक पोरगा गात होता. आवाज काही ग्रेट नव्हता, वरच्या पट्टीत किंचित चिरकायचा, पण असा गात होता की जणू धावत जिने चढून आलाय आणि दम घ्यायच्या आधीच सांगून टाकायचंय. आणि सगळ्यात नवल म्हणजे तो थांबायचा. एक ओळ म्हणायचा आणि गप्प. मागे ढोल टिकटिकत राहायचे, खालून जाडी गिटार हुंकारायची, आणि हा गप्प. मग पुढची ओळ. टेलिफोनच्या गाण्यात तो विचारायचा, "ऐकतेस ना?" आणि पुढे नुसती मोकळी जागा. "रागावलीस?" पुन्हा मोकळी जागा.

'काय थांबतो हा!' ठकूताईला वाटायचं. 'आपल्याला कुणी उत्तर दिलं नाही तर आपण दोनदा ओरडतो. हा बिचारा विचारतो आणि वाट बघतो.'

शेवटचं गाणं तर तिला आधी आधी सहनच होत नसे. त्यात तो हळूच विचारायचा, "दिवा चालू ठेवू का?" आणि सगळं वाजणं जवळजवळ थांबून जायचं. ढोलावर नुसतं बोटाने टकटक. इतका वेळ की पहिल्यांदा तिला वाटलं, कॅसेट खराब आहे. मग एकदम सगळी वाद्यं कोसळत परत यायची आणि तो पोरगा आनंदाने ओरडायला लागायचा. कशाचा आनंद, हे तिला कधी कळलं नाही. उत्तर तर आलेलं नसायचं. तरी हा खूश! तिने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की याने वाट बघण्यातच सुख मानलेलं आहे, आणि अशा माणसापुढे हात जोडावेत असं तिला वाटायचं.

वर्षं गेली. तिचं लग्न झालं. नवरा बेकरीत कामाला, उजाडायच्या आत भट्टीपाशी हजर व्हायचा आणि दिवेलागणीलाच झोपायचा. त्यामुळे घरात रेडिओसुद्धा कुजबुजल्यासारखा लागायचा. गाणी फक्त कामावर, फक्त हेडफोनमधून. टेपरेकॉर्डर दोनदा दादानेच दुरुस्त केला. हेडफोन बदलला तरी तिने तसलाच घेतला, डाव्या बाजूने वायर येणारा. उलटा घातला तर वायर उजव्या हाताला, म्हणजे मेण कोरायच्या सुरीला अडकायची. बाकीचं जग पुढे गेलं, लोक फोनवर गाणी ऐकायला लागले, 'उद्या नक्की' काही कुणाच्या फोनवर आलं नाही. ठकूताईचंही काही अडलं नाही.

एकच माणूस तिला त्या गाण्यांच्या बाबतीत सतावायचा, तो म्हणजे दादा. माहेरी गेली की तो भांडी विसळता विसळता तीच गाणी गुणगुणायचा, आणि हमखास चुकीच्या जागी. तो पोरगा गप्प बसायचा तिथेच दादाला कंठ फुटायचा. तोही बायकी, किनऱ्या आवाजात.

"दादा, मध्येच काय घुसडतोस? ती जागा मोकळी आहे."

"मोकळी कसली?"

"मोकळी आहे! सगळी वाट लावतोस गाण्याची."

शेवटच्या गाण्यात तर तो कहर करायचा. "दिवा चालू ठेवू का?" असं ठकूताईने म्हटलं की दादा स्वयंपाकघरातून किनऱ्या आवाजात ताणायचा, "ठेव, मी जिन्यातच आहे..." यावर वहिनी पोट धरून हसायची आणि ठकूताई म्हणायची, "लिफ्टवाल्याला दुसरं काय सुचणार? लिफ्ट बंद पडली असेल!" दादाला वाटायचं ही आपल्या गळ्याची थट्टा करतेय. तिला वाटायचं हा गाण्याची थट्टा करतोय. इतकी वर्षं दोघं एकाच कॅसेटवरून हसत होती आणि दोघांपैकी एकालाही कळलं नाही की आपण दोन वेगळ्या कॅसेटी ऐकतोय.

ते उघड झालं एका साध्यासुध्या सकाळी. ठकूताईने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि त्याने नुसतं खर्र केलं. झाकण उघडलं तर आतला पट्टा तुटून लोंबत होता. सुदैवाने कॅसेट शाबूत होती. तिचं तोंड एवढंसं झालं.

तिच्या उजवीकडे प्लास्टर ओतणारे गृहस्थ बसायचे. त्यांना सगळे पोपटराव म्हणत. ठकूताईला या नावाची नेहमी गंमत वाटायची, कारण हा माणूस दिवसभर तोंडातून अवाक्षर काढत नसे. जाड्या माणसाला काडी म्हणतात तसलाच काहीतरी हा प्रकार असेल, अशी तिने समजूत करून घेतली होती. ते पोपटराव उठले, कपाटामागे गेले आणि प्लास्टरच्या पोत्यांमागून एक धूळ खाल्लेला जुना टेपरेकॉर्डर घेऊन आले. पुढे एकच गोल जाळी, वरती कडी. तो त्यांनी तिच्यासमोर ठेवला, फुंकर मारली, आणि पांढरी धूळ दोघांच्याही भुवयांवर बसली.

चाक अजून सुरू व्हायचं होतं. ठकूताईने कॅसेट घातली, बटण दाबलं आणि दातांचा डबा पुढे ओढला.

ढोल दणाणले. पोरगा धावत आला, पहिली ओळ म्हणाला, थांबला. आणि त्या थांबण्यात एक मुलगी गायली.

ठकूताईने दचकून मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मालकीणबाई त्यांच्या कोपऱ्यात चष्मा कपाळावर सरकवून एक जबडा निरखत होत्या. पोपटराव प्लास्टर ढवळत होते. पोरगा दुसरी ओळ म्हणाला, आणि ती मुलगी पुन्हा आली. या खेपेला तिने त्याची ओळ पुरी व्हायची वाटसुद्धा पाहिली नाही, मध्येच उचलली आणि वर नेली. तिच्याबरोबर एक बारीक गिटार होती, हजार चमचे एकदम सांडावेत तशी झिणझिणणारी. आणि टाळ्या! चक्क कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

तिने खटकन बटण दाबून कॅसेट बाहेर काढली. तीच होती. कडेला तिच्याच हातचा मेणाचा डाग होता.

"पोपटराव," ती म्हणाली, "या मशीनमध्ये आधीपासून काही भरलंय का?"

पोपटराव काहीतरी बोलले. तिला ऐकू आलं नाही. ती खुर्चीसकट त्यांच्याकडे वळली. "काय म्हणालात?"

"म्हटलं, आधीपासून भरलेलं असतं तर आत्तापर्यंत माझ्या बायकोचंच ऐकू आलं असतं. ताई, मशीन रिकामी आहे. तुमचीच कॅसेट वाजतेय."

तिने पुन्हा पहिल्यापासून लावली. चाकावरचा माणूस आला, त्याला तिने हातानेच 'थांब' केलं. तिचा चेहरा बघून तो थांबलाही. गाण्यामागून गाणं जात होतं आणि ठकूताई मांडीवर हात ठेवून बसली होती. टेलिफोनच्या गाण्यात पोरगा म्हणाला, "ऐकतेस ना?" आणि मुलगी म्हणाली, "मघापासून." तो म्हणाला, "रागावलीस?" आणि ती म्हणाली, "थोडीशी." प्रत्येक मोकळ्या जागेत ती होती. एकही जागा मोकळी नव्हती. आपल्या रोजच्या वाटेवरच्या भिंतीत कुणीतरी दार उघडावं आणि आत अख्खं लख्ख घर असावं, माणसांनी भरलेलं, तसं ठकूताईला वाटत होतं. हे घर तिथंच होतं. ती रोज त्याला खेटून जात होती.

शेवटचं गाणं आलं तेव्हा ती मशीनजवळ डोकं नेऊन बसली. आता काय येणार हे तिला ठाऊक होतं, कारण ते तिने किनऱ्या आवाजात भांड्यांच्या खडखडाटात शंभरदा ऐकलं होतं.

"दिवा चालू ठेवू का?" पोरगा म्हणाला.

टकटक. टकटक. आणि मग अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखी, फोटोत डोळे मिटून उभी असलेली ती मुलगी गायला लागली. "ठेव. मी जिन्यातच आहे." एकदा. मग जरा वरच्या सुरात. मग आणखी वरच्या. खरोखर कुणी एकेक मजला चढत यावं तशी ती चढत आली, आणि सगळ्यात वर पोचली तेव्हा दार उघडल्यासारखी सगळी वाद्यं कोसळली आणि पोरगा आनंदाने ओरडायला लागला.

आता कळलं तो कशासाठी ओरडत होता.

मालकीणबाई केव्हा येऊन शेजारी उभ्या राहिल्या, तिला समजलंच नाही. "अगं, काय झालं? घरून काही निरोप आला का?"

"नाही हो बाई," ठकूताई डोळे पुसत म्हणाली. "ती आली."

"कोण आली?"

मग तिने सांगितलं. कान, गालगुंड, हेडफोन, सगळं. आयुष्यात पहिल्यांदाच ती हे बाहेरच्या माणसांना सांगत होती, आणि सांगता सांगता तिला स्वतःलाही उलगडत होतं: गाण्यातली काही वाद्यं एका कानात ठेवतात, काही दुसऱ्या. तिच्या उजव्या कानावर ती मुलगी रोज गात होती, जिवाच्या आकांताने गात होती, आणि तिथं दार बंद होतं. या एका तोंडाच्या मशीनने दोन्हीकडचं एकत्र करून तिच्या चांगल्या कानात ओतलं होतं.

मग पोपटरावांनी कालथा खाली ठेवला आणि ते हळूच म्हणाले, "ताई, म्हणजे तुम्हाला माझं काहीच ऐकू येत नव्हतं?"

"तुम्ही बोलायचात?"

चाकावरचा माणूस हसत हसत भिंतीला टेकला. मालकीणबाईंनाही हसू आवरेना. "अगं, हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड मिटत नाही! आम्ही म्हणायचो, धन्य त्या ठकूची, शेजारी बसून ऐकून घेते."

"मी एवढे विनोद सांगायचो," पोपटराव म्हणाले, "आणि तुम्ही नुसतं हसून मान डोलवायचात. मला वाटायचं, बाई सोशिक आहेत."

जेवणाच्या सुट्टीत तिने दादाला फोन लावला. तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता, आवाज घुमत होता.

"दादा, त्या गाण्यात मुलगी आहे."

"कुठल्या गाण्यात?"

"सगळ्या!"

"आहेच की. म्हणून तर मी कॅसेट घेतली. का गं?"

"मला माहीत नव्हतं रे."

पलीकडे काहीतरी लोखंडी खाली पडलं. मग दादा म्हणाला, "ठके, तुझा कान." आणि लगेच, "अरे देवा. मीच तुला हेडफोन दिला. माझ्या कसं डोक्यात आलं नाही?"

"माझ्या तरी कुठं आलं? मला वाटायचं कमी ऐकू येतं म्हणजे बारीक ऐकू येतं. गाण्यातलं माणूसच नाहीसं होतं हे कुणाला सुचणार?"

"आणि मी म्हणत होतो ते..."

"तू बरोबर म्हणत होतास. सूर मात्र तुझा भिकारच आहे."

तो त्या संध्याकाळी कामाचे कपडे न बदलता तिच्याकडे आला आणि टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून दिला. मग दोघं गच्चीत बसली. दादाने हेडफोन तिच्या डोक्यावर उलटा घातला, उजवीकडचा डावीकडे. आता पोरगा गायब झाला आणि नुसती ती मुलगी उरली. "मघापासून," ती म्हणाली. "थोडीशी." मग ती बारीक गिटार, टाळ्या, आणि मध्ये मध्ये मोकळ्या जागा. ठकूताई ऐकत राहिली. हीसुद्धा थांबत होती. हीसुद्धा काहीतरी म्हणायची आणि वाट बघायची. इतकी वर्षं तिला त्या पोराचं कौतुक वाटलं होतं, आणि बरोबर तसंच दुसरं माणूस पलीकडे उभं होतं. हे त्यांनी जाणूनबुजून असं रचलं असेल? चार पोरांनी, ज्यांना धड फोटो काढून घेता आला नाही?

"रडतेस काय?" दादाने विचारलं.

"तो बिचारा एकटा नव्हता रे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "पण मला तो एकटाही आवडायचा."

दादाला हे नीट कळलं नाही, पण त्याने मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी ठकूताईने आपली खुर्ची उचलून पोपटरावांच्या पलीकडच्या अंगाला नेली. आता पोपटराव डावीकडे आले. पहिल्याच दिवशी तिला कळलं की त्यांना बरेच विनोद येतात, त्यांतले निम्मे फालतू आहेत, आणि प्लास्टर घट्ट व्हायच्या वेळी ते जबड्यांशीसुद्धा बोलतात. "आजोबा, हसा की जरा," असं म्हणून साच्यावर टिचकी मारतात. दुपारपर्यंत तिचं डोकं उठलं. तरी तिने हेडफोन घातला नाही. उलट एरवी मान डोलवून सोडून दिलं असतं अशा गोष्टी ती आता पुन्हा पुन्हा विचारायला लागली. बाजारात, बसच्या रांगेत, शेजारणीपाशी, "काय म्हणालात? या बाजूने सांगा, तो कान बंद आहे." लोक सरळ उठून दुसऱ्या बाजूला यायचे आणि सांगायचे. इतकं सोपं होतं हे, याचं तिला कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

दादाच्या मुलीने, म्हणजे तिच्या भाचीने, त्या चौघांचा शोध घ्यायचा प्रयत्न केला. फारसं काही हाती लागलं नाही. हा एकच संग्रह निघाला, खपला नाही, आणि चौघं आपापल्या वाटेने गेली. मुलीचं नाव वेष्टनावर गिटार वाजवणाऱ्यांत होतं, गाणाऱ्यांत नव्हतं.

बेकरीला सुट्टी होती त्या दिवशी ठकूताई पोपटरावांचा टेपरेकॉर्डर कडीला धरून घरी घेऊन आली. नवरा दुपारच्या उन्हात खिडकीपाशी नखांत अडकलेलं पीठ काढत बसला होता.

"अहो, बसा इथे. काही बोलू नका."

"मी कधी बोलतो?" तो म्हणाला, आणि बसला.

पहिली बाजू संपेपर्यंत तो खरंच बोलला नाही. सुरुवातीला जरा अवघडून बसला, मग त्याचा पाय हलायला लागला. टाळ्या आल्या तिथे त्याने तिच्याकडे पाहिलं. टेलिफोनच्या गाण्यात ती मुलगी "थोडीशी" म्हणाली तेव्हा तो चक्क हसला, मोठ्याने. इतक्या मोठ्याने तो घरात हसलेला ठकूताईने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

बाजू संपली, बटण टक करून वर आलं.

"हे तू रोज ऐकायचीस?"

"अर्धं."

"आणि ही माणसं? आता काय करतात?"

"कोण जाणे. असतील कुठेतरी. कामाला जात असतील."

तो पुढे वाकला, कॅसेट बाहेर काढली, उलटवली, आणि पिठाच्या बोटाने बटणांवरून चाचपडत म्हणाला, "यातलं कुठलं दाबायचं?"